मालक बाहेर, आपण आत!

सकाळची लोकल डोंबिवलीला येईपर्यंत गच्च भरते. त्या गर्दीतही आमचे बांधव मोबाईलवर शेअरचे भाव पाहत उभे असतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, अंबरनाथच्या आयुध कारखान्यात, रेल्वेत हयात घालवलेल्यांना दोन-पाच रुपयांच्या शेअरचा मोह पडतो. समाजाने शेअर बाजारात जाऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. १९१८ च्या सुमारास खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. तेव्हा बाजाराचे दार जातीने बंद केले. आज ते सताड उघडे आहे. पण त्या दारातून बाहेर कोण पडतो आहे, हे आपण पाहतो का?

साधना ब्रॉडकास्ट कंपनीचे प्रकरण पाहा. २०२२ च्या जुलैमध्ये अदानी समूह ही कंपनी घेणार, अशा खोट्या गोष्टी सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर आले. छोटे भागधारक २,१६७ वरून ५५,३४३ झाले. त्याच काळात काही प्रवर्तकांनी आपले शेअर चढ्या भावात विकले, असे सेबीने मार्च २०२३ च्या आदेशात नोंदवले. मे २०२५ मध्ये ५९ जणांवर बंदी आली आणि ५८ कोटींच्या वसुलीचा आदेश निघाला. पण भाव कोसळल्यावर हाती कागद उरला तो गरिबाच्याच!

दुसरा मार्ग याहून शांत आहे. समजा, कंपनीचे १ कोटी शेअर आहेत, तुमचे १० हजार. कंपनीने आणखी १ कोटी शेअर काढून निवडक लोकांना दिले. तुमचे शेअर तेवढेच, वाटा मात्र निम्मा! राज्यघटनेने प्रत्येकाला एक मत दिले. कंपनीत मत शेअरला असते. वाटा घटला की आवाजही घटतो. अशा वाटपाला भागधारकांच्या विशेष ठरावाची, म्हणजे तीन-चतुर्थांश मतांची गरज असते. मतदानाची सूचना ई-मेलवर येते आणि आपण ती उघडतही नाही!

नवे शेअर काढणे किंवा प्रवर्तकाने विकणे म्हणजे दरवेळी लबाडीच, असे नव्हे. नव्या पैशातून कारखाना उभा राहिला तर छोट्याचाही फायदा होतो. म्हणूनच तपासणे आले. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या बहुतेक कंपन्यांना तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराला द्यावा लागतो. तो फुकट पाहता येतो. मागचे चार तक्ते शेजारी ठेवा. प्रवर्तकाच्या शेअरची संख्या घटली, तर बहुधा त्याने विकले. संख्या तीच राहून टक्का घटला, तर नवे शेअर निघाले. ते कोणाला, कोणत्या भावाने दिले आणि पैसा कुठे गेला, हे विचारा. प्रवर्तकाने किती शेअर गहाण ठेवले, तेही पाहा.

कल्याण-डोंबिवलीच्या विहारांत रविवारी तरुण जमतातच. तिथे एक तास हे तक्ते वाचायला का देऊ नये? 'टिप' देणारा कधी हिशेब देत नाही. ज्या घरातून मालकच सामान हलवतो आहे, त्या घरात आपण भविष्यनिर्वाह निधी घेऊन राहायला जायचे काय? बांधवांनो, विचार करा!