रंकाळ्यापासून राजवाड्यापर्यंत : पायी पाहावयाचे कोल्हापूर

के. आर. पुरम येथील आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ मराठी ग्राहक स्वित्झर्लंडची सहल करून आले. उरलेले फ्रँक परत करण्यासाठी ते शाखेत आले असता त्यांनी ल्युसर्न या सरोवरकाठच्या जुन्या शहराची छायाचित्रे मोठ्या हौसेने दाखविली. तेथे वाटाड्यासोबत दिवसभर पायी हिंडून त्यांनी लाकडी पूल, चौक आणि संग्रहालये पाहिली होती. ते वर्णन ऐकता ऐकता मी सहज विचारले, "काका, आपण कोल्हापूर असे पायी पाहिले आहे काय?" क्षणभर थांबून ते म्हणाले, "अंबाबाईचे दर्शन घेतले आहे, मिसळ खाल्ली आहे. आणखी काय पाहायचे?" त्यांच्या या प्रश्नाला काउंटरवर उभ्या उभ्या देता न आलेले उत्तर म्हणजे प्रस्तुत लेख होय.

भ्रमंतीचा आरंभ पहाटे रंकाळ्यावरून करावा. बेंगळुरूकरांना तळी नवीन नाहीत, आमच्या के. आर. पुरममध्येही वेंगय्यनकेरे आहे. परंतु बेंगळुरूची बहुतेक 'केरे' ओढ्याला बांध घालून, पावसाचे पाणी अडवून निर्माण झाली. रंकाळ्याची जन्मकथा निराळी आहे. परंपरा असे सांगते की, येथे मुळात दगडाची खाण होती. मंदिरांसाठी तेथून पाषाण काढला गेला, पुढे भूकंपाने खाणीत पाण्याचे झरे फुटले आणि तिचा तलाव झाला. भूकंपाची कथा प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेनुसार स्वीकारावी. मात्र ती मनात ठेवून पुढे चालले की, शहरातील काळ्या दगडाची प्रत्येक भिंत तलावाशी नाते सांगू लागते.

तलावाचा घेर चार किलोमीटरांहून अधिक आहे. पूर्ण प्रदक्षिणेचा हट्ट धरू नये. पुढे बरेच चालावयाचे आहे. पाण्याकाठची संध्यामठाची दगडी वास्तू आणि पलीकडच्या तीरावरील १९३० च्या दशकातील शालिनी पॅलेस दृष्टीस पडला म्हणजे पुरे. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी या तलावाला वेळोवेळी ग्रासले आहे, हेही प्रवाशाने डोळे उघडे ठेवून पाहावे. आपल्या तळ्यांच्या काठी राहणाऱ्या बेंगळुरूकरांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

रंकाळा वेशीतून ताराबाई रस्त्याने निघाले की, सावकाश चालूनही वीस-पंचवीस मिनिटांत आपण महाद्वारापाशी येतो. हे महालक्ष्मी मंदिराचे पश्चिमद्वार. दर्शनाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी बाह्यभिंतींवरील शिल्पे पाहण्यास अर्धा तास तरी द्यावा, कारण रांगेतून बाहेर पडल्यावर भक्ताचे पाय थेट खाऊगल्लीकडे वळतात, असा अनुभव आहे.

देवी पश्चिमाभिमुख आहे आणि त्यातच येथील सुप्रसिद्ध किरणोत्सवाचे रहस्य दडले आहे. वर्षभरात सूर्य मावळण्याची जागा क्षितिजावर उत्तर-दक्षिण सरकत असते. दक्षिणेकडे जाताना नोव्हेंबरमध्ये आणि उत्तरेकडे परतताना जानेवारी-फेब्रुवारीमध्ये ती एकाच ठिकाणी दोनदा येते. त्या वेळी मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या त्या परंपरागत तिथी. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळ आणि तिसऱ्या दिवशी मुखमंडल उजळावे, अशी योजना आहे. मात्र ढग, धूलिकण आणि किरणमार्गात उभ्या राहिलेल्या इमारती यांमुळे काही वर्षी किरणे मुखापर्यंत पोहोचत नाहीत. प्राचीन स्थपतीने सूर्याचा हिशेब अचूक मांडला होता. नगररचनेचा हिशेब त्याच्या हाती नव्हता.

मंदिराच्या पूर्वेस भवानी मंडप, म्हणजे जुन्या राजवाड्याचा परिसर. तेथून थोड्या अंतरावर खासबाग मैदान आहे. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ मध्ये राज्यारोहण समारंभाच्या निमित्ताने युरोपात गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोझियम पाहिले आणि त्याच धर्तीवर कुस्तीसाठी हे वर्तुळाकार मैदान उभारविले. १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. बैठका अशा उतरत्या आहेत की, शेवटच्या रांगेतील माणसालाही हौद्यातील डाव दिसावा. परदेशवारीहून आपण चॉकलेटे आणतो. महाराजांनी आखाडा आणला.

मैदानाला लागूनच महाराजांनी १९१५ मध्ये नाट्यगृह बांधून घेतले. प्रथम ते पॅलेस थिएटर म्हणून ओळखले जाई. पुढे त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. ज्या रंगमंचावर मराठी नटांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, तो जळताना पाहून त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर रडले.

हे ऐकताच आमच्या काकांना ल्युसर्नचा लाकडी पूल आठवला. चौदाव्या शतकातील तो चॅपेल पूल १९९३ च्या ऑगस्टमध्येच जळाला होता. त्याच्या छताखालील सतराव्या शतकातील त्रिकोणी चित्रांपैकी बहुतेक नष्ट झाली. शहराने १९९४ च्या एप्रिलमध्ये तो पूल पुन्हा उभा केला, पण जळालेल्या साऱ्या चित्रांच्या नकला करून जागा भरल्या नाहीत. आज तेथील प्रवासी काही ठिकाणी चित्रे पाहतो, तर काही ठिकाणी नुसती रिकामी जागा. कोल्हापूरच्या नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे कामही हाती घेण्यात आले. नव्या वास्तूत जळालेल्या भागाची एखादी खूण राखावी, असे माझे वैयक्तिक मत आहे.

आता पावले उत्तरेकडे वळवावीत. सी. पी. आर. रुग्णालयासमोर उद्यानात टाऊन हॉल आहे. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७० च्या दशकात बांधलेल्या या गॉथिक धाटणीच्या वास्तूत शासकीय संग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या टेकडीच्या मातीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, सातवाहनकालीन नगर मिळाले. त्या परिसरात सापडलेल्या ब्रॉन्झच्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक मूर्ती आहे. ती वीतभरही उंच नाही. घाईत असलेला प्रवासी तिच्यासमोरून न थांबता निघून जातो, आपण थांबावे. भूमध्य समुद्रावरून जहाजाने कोकणच्या बंदरात आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाट चढून हा समुद्रदेव समुद्र नसलेल्या गावी आला. शाहू महाराजांनी रोम पाहिले त्याच्या कितीतरी शतके आधी रोमचा व्यापार कोल्हापुरात पोहोचला होता, याचा हा धातूचा दाखला. या वस्तू एका ठिकाणी साठवून ठेवलेल्या मिळाल्या. आजच्या भाषेत तो कोणाचा तरी लॉकरच म्हणावयाचा. मालक परत आला नाही आणि नामनिर्देशनही केलेले नव्हते. (ग्राहकांनी यातून काय तो बोध घ्यावा!)

येथून नवा राजवाडा सुमारे दोन किलोमीटर आहे. पाय थकले असल्यास रिक्षा करण्यात कमीपणा नाही. हीदेखील मँटसाहेबांचीच रचना. काळ्या घडीव दगडाची ही वास्तू १८८४ मध्ये पूर्ण झाली. तळमजल्यावरील शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रे, पोशाख आणि शिकारीतील प्राणी आहेत. मला मात्र दरबार हॉलमधील रंगीत काचा अधिक भावल्या. त्यांवर शिवचरित्रातील प्रसंग चितारलेले आहेत आणि दुपारच्या उन्हात ते उजळून निघतात. वेळ उरल्यास कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे शाहू महाराजांचे जन्मस्थान, पाहावे.

बेंगळुरूहून कोल्हापूर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. महामार्ग थेट आहे. रेल्वेने आल्यास मिरजेस उतरून पुढे तासाभराचा प्रवास. शासकीय संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून तो वार टाळावा. काकांनी नोव्हेंबरचा किरणोत्सव गाठण्याचे ठरविले आहे. बँकेतील सहकाऱ्यांनीही तोच मुहूर्त धरावा, कारण फेब्रुवारीत वार्षिक ताळेबंदाची चाहूल लागलेली असते आणि त्या दिवसांत रजेचा अर्ज मंजूर होणे किरणे मुखापर्यंत पोहोचण्याहून दुर्मीळ!