जुन्या बाटलीत नवी दारू

जुनीच दारू नव्या बाटलीत भरल्याचा आरोप आपल्या राजकारणात रोज होतो. ब्रिटन आणि अमेरिकेतील असंख्य घरांत मात्र नेमके याच्या उलट चालते. दुकानातून आणलेल्या बिअरच्या, वाइनच्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवायच्या, धुवायच्या आणि घरी तयार केलेली बिअर, सफरचंदाची सायडर किंवा मधापासूनचे मीड त्यांत भरायचे, असा हा छंद आहे. तो कायदेशीर आहे, स्वस्तही आहे. त्यातला मोठा धोका दारूत नसून बाटलीत असतो. बाटली चुकीची निवडली तर ती कपाटात ठेवल्या जागी फुटते आणि काचेचे तुकडे खोलीभर उडतात. छंदिष्टांच्या भाषेत हा 'बाटलीबॉम्ब'.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी परवाना लागत असे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात ती अट काढून टाकली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही मुभा दिली, तीही विक्री न करण्याच्या अटीवर. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये तर २०१३ मध्ये राजी झाली.

बाटली फुटते कशी, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागते. यीस्ट साखर खाते तेव्हा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही तयार होतात. साखरेचे जवळजवळ निम्मे वजन वायूत जाते. लिटरभर पेयातील अवघी ४ ग्रॅम साखर साधारण १ लिटर वायू निर्माण करते. भांडे उघडे असेल तर तो हवेत निघून जातो, बंद बाटलीत मात्र पेयातच विरघळतो. घरगुती बिअरला फेस येतो तो याच युक्तीने. आंबण्याची क्रिया संपल्यावर मोजून थोडी साखर घालतात आणि मग झाकण लावतात. नेहमीच्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू असतो. २० अंश तापमानाला त्याचा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या आसपास भरतो आणि ४० अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. लंडनच्या तळघरात शांत बसलेली बाटली नागपूरच्या मे महिन्यात तशीच शांत राहील, असे समजण्याचे कारण नाही.

बहुतेक अपघातांचे मूळ घाईत असते. आंबण्याची क्रिया पुरती थांबण्यापूर्वीच झाकण लावले, तर उरलेली सगळी साखर बाटलीच्या आत वायू सोडत राहते. म्हणून अनुभवी मंडळी हायड्रोमीटर बुडवून पेयाची घनता पाहतात आणि काही दिवसांच्या अंतराने तोच आकडा पुन्हा मिळाल्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत.

आता बाटलीकडे वळू. साध्या, न फसफसणाऱ्या वाइनची बाटली दिसायला भारदस्त असली, तरी ती दाब सोसण्यासाठी घडवलेली नसते. तिच्यात फसफसते पेय भरले तर बूच उडते; बूच घट्ट असेल तर काच जाते. बिअरची बाटली बिअरपुरता दाब सहन करते. त्यातही पिरगाळून उघडणाऱ्या झाकणाची बाटली टाळतात, कारण हातयंत्राने लावलेले पत्र्याचे झाकण तिच्या आट्यांवर नीट बसत नाही. तारेच्या कडीचे झाकण असलेल्या बाटल्या या छंदात लोकप्रिय आहेत. त्यांची रबरी चकती तेवढी वेळोवेळी बदलावी लागते. हॉप्स घातलेल्या पेयासाठी तपकिरी काच उत्तम. पांढऱ्या काचेतून प्रकाश शिरला की बिअरला उग्र दुर्गंधी येते.

सर्वांत भक्कम बाटली शॅम्पेनची. जाड काच आणि बुडाशी आत गेलेला खोल खळगा यांमुळे ती पाच-सहा वातावरणांचा दाब सहज पेलते. हे बळ अनुभवातून आले आहे. पहिल्या जेम्स राजाने १६१५ मध्ये काचभट्ट्यांना लाकूड जाळण्यास मनाई केली. भट्ट्या कोळशावर चालू लागल्या आणि इंग्लंडची काच अधिक मजबूत झाली. फ्रान्समधील शॅम्पेनच्या तळघरांत मात्र पुढेही दीर्घकाळ बाटल्या फुटत राहिल्या. तेथील कामगार तोंडावर जाळीचे मुखवटे चढवून काम करीत. अखेर १८३६ च्या सुमारास फ्रान्स्वा नावाच्या एका औषधविक्रेत्याने वाइनमधील साखर मोजण्याची रीत बसवून दिली आणि अंदाजाची जागा मापाने घेतली.

जुन्या बाटलीचे दुखणे आणखी वेगळे असते. काच फुटते ती बहुधा पृष्ठभागावरील बारीक ओरखड्यापासून. अशा चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्येच दाखवून दिले. आपल्याकडील बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटल्याही भंगारवाल्यामार्फत कारखान्यात परततात. तेथे त्या गरम कॉस्टिक सोड्याने धुतल्या जातात, तपासल्या जातात आणि खराब निघालेल्या बाजूला काढल्या जातात. घरी ती तपासणी करायला एकच माणूस असतो. त्याने बाटली उजेडासमोर धरावी, तोंडाच्या कडेवरून नख फिरवावे आणि टवका उडालेली बाटली भंगारात टाकावी.

गोव्यात जुन्या व्हिस्कीच्या बाटलीतून फेणी घरोघर फिरते, पण तिथे हा प्रश्न येत नाही. गाळलेल्या दारूत आंबण्यासारखे काही उरत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना दारू तयार करणे हाच गुन्हा आहे. तेव्हा मुंबई-पुण्यातील वाचकाने ब्रिटनचा हा छंद दुरूनच पाहावा हे बरे.

असे असले तरी या शहरांतील स्वयंपाकघरांत कोम्बुचा आणि आल्याची आंबवलेली पेये रुळली आहेत आणि तीही जुन्या बाटल्यांतच भरली जातात. त्यांचा हेतू नशेचा नसतो, पण यीस्ट तेच आणि वायूही तोच. अशा वेळी काचेच्या बाटल्यांसोबत त्याच पेयाची एक बाटली प्लास्टिकची, सोड्याची भरून ठेवतात. ती दाबून पाहायची. दगडासारखी कडक लागली की सगळ्या बाटल्या ताबडतोब फ्रिजमध्ये हलवायच्या आणि गार झाल्यावर वर जाड फडके धरून हळूहळू उघडायच्या.