माणसे आणि उद्योग शहरात का थांबतात? सोलापूरच्या दीडशे वर्षांचा धडा

सोलापूर, प्रतिनिधी

शहर मोठे कशामुळे होते, या प्रश्नाला सर्वसामान्य नागरिकाचे उत्तर ठरलेले असते: कारखाने आले की शहर वाढते. उद्योजकाला विचारावे तर तो म्हणतो, आधी रस्ते, पाणी आणि वीज द्या, मग कारखाना आणतो. प्रशासनाकडे गेल्यास महसूल वाढल्याशिवाय सुविधा कोठून द्यायच्या, असा प्रतिप्रश्न ऐकू येतो. आधी कोंबडी की आधी अंडे, अशा या वादात सोलापूरची कित्येक वर्षे खर्ची पडली. एकेकाळी दूरदूरच्या मुलखातून माणसे ज्या शहरात पोट भरण्यासाठी येत, त्याच शहरातील तरुण आज पदवी हाती पडताच पुण्याची गाडी पकडतात. असे का घडले, याचा शोध घेतला तर कोणतेही शहर कशामुळे आकर्षक ठरते आणि कशामुळे ते आकर्षण ओसरते, हे बरेचसे उलगडते.

आकडे काय सांगतात?

२००१ च्या जनगणनेत सोलापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार ४७८ होती. २०११ मध्ये ती ९ लाख ५१ हजार ५५८ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ झाली ती जेमतेम ९ टक्के. याच दशकात नाशिक शहर सुमारे ३८ टक्क्यांनी, तर पिंपरी-चिंचवड सुमारे ७० टक्क्यांनी वाढले. संपूर्ण महाराष्ट्राची वाढ १६ टक्के होती. एखादे मोठे शहर राज्याच्या सरासरीपेक्षाही मंद गतीने वाढते, तेव्हा त्याचा अर्थ सरळ असतो. तेथे येणाऱ्यांपेक्षा तेथून जाणाऱ्यांची संख्या जास्त आहे. नैसर्गिक वाढीचा काही भाग स्थलांतराने गिळून टाकला आहे.

दहा लाखांचा उंबरठा ओलांडला की जनगणनेच्या परिभाषेत शहराला महानगर म्हटले जाते. सोलापूर त्या उंबरठ्याशी येऊन अडखळले. एकोणिसाव्या शतकात मात्र परिस्थिती नेमकी उलट होती.

रेल्वे आली, गिरण्या आल्या

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला. त्यापूर्वीच, १८५२ मध्ये, येथे नगरपालिका स्थापन झालेली होती. १८७१ मध्ये एकरुख तलाव पूर्ण झाला. भोवतालच्या मुलखात कापूस पिकत होता, हातमागाची परंपरा होती आणि दुष्काळी भागातून कामासाठी येणारे हात भरपूर होते. रेल्वे, पाणी, कच्चा माल आणि मनुष्यबळ ही चारही सूत्रे जुळल्यावर १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी वाहतूक आणि पाणी, मग भांडवल, मग कामगार आणि शेवटी पेठा, शाळा, बाजार. केवळ सवलतीचे आमिष दाखवून हे शहर उभे राहिलेले नाही.

एका खांबावरचा मांडव

तथापि जे वैभव एकाच धंद्यावर उभे असते, ते त्या धंद्याबरोबरच कोसळते. जुनी मिल ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचा प्रश्न इतका गंभीर होता की केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. त्यावरून झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राज्यघटनेच्या अभ्यासकांना सोलापूरचे नाव त्या खटल्यामुळे आजही परिचित आहे. सरकारने हात दिला, तरी गिरणी कायमची तगली नाही. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिलही थंडावली.

अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६९ मध्ये शहरांच्या अर्थव्यवस्थेवर लिहिताना इंग्लंडमधील मँचेस्टर व बर्मिंगहॅम यांची तुलना केली होती. मँचेस्टर प्रचंड कापडगिरण्यांवर विसंबून राहिले. बर्मिंगहॅममध्ये छोट्या-छोट्या धंद्यांचे जाळे होते. एक धंदा बसला की कारागीर दुसऱ्यात शिरत आणि त्यातून तिसरा जन्म घेई. काळ बदलला तेव्हा बर्मिंगहॅमने अधिक सहजपणे कूस बदलली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

सोलापूरला या तुलनेच्या दोन्ही बाजू लागू पडतात. मोठ्या गिरण्या गेल्या. पण पूर्व भागातील यंत्रमाग टिकले, कारण तेथे शेकडो लहान मालक होते. सूत रंगविणारे, कांड्या भरणारे, माग दुरुस्त करणारे आणि माल बांधणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो या सामूहिक कौशल्याचा गौरव होय. अलीकडे त्याच कौशल्यातून शालेय गणवेश आणि तयार कपड्यांचा व्यवसाय वाढला आहे. मागासमोर बसलेल्या पिढीची मुले शिलाईयंत्रे आणि संगणकीय भरतकामाकडे वळली. धंदा बदलला, पण हातातील कसब शहरातच राहिले.

विविधता हे भांडवल

सोलापूरच्या बाजारात एका व्यवहारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडणे ही नवलाची गोष्ट नाही. महापालिकेच्या शाळाही या चारही माध्यमांतून चालत आल्या आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसविला. कर्नाटकाशी नाते व्यापाराचे तसेच श्रद्धेचे आहे. मकर संक्रांतीला निघणाऱ्या सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि त्यानंतरच्या गड्ड्याच्या यात्रेत हे सारे शहर एकत्र दिसते. १९३० च्या लष्करी कायद्याच्या आंदोलनानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांची नावेच पाहा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे. शहराची जडणघडण सांगायला आणखी वेगळा पुरावा नको.

या विविधतेचा आर्थिक अर्थही आहे. नव्याने येणाऱ्या माणसाला आपली भाषा बोलणारा, खोली मिळवून देणारा आणि कामाला लावणारा कोणीतरी भेटला, तर ते शहर त्याला परके वाटत नाही. व्यापाऱ्याला हैदराबाद, विजयपूर, कलबुर्गी आणि लातूर येथील ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलता आले, तर बाजारपेठ आपोआप रुंदावते. येथील बाजार समिती कांद्याच्या राज्यातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक बनली, शासकीय रुग्णालयात मराठवाडा व सीमाभागातील रुग्ण येत राहिले, ते या त्रिवेणी स्थानामुळेच. मात्र हे भांडवल सलोख्यावर अवलंबून असते. दंगलीचे एक सावट बाजाराला कित्येक महिने मागे नेते, हे सोलापूरच्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही.

घोडे अडते पाण्यापाशी

मग शहर मागे का पडले? पहिले उत्तर पाणी हे आहे. भीमा नदीवरील उजनी हे राज्यातील सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी. ते सोलापूर जिल्ह्यातच आहे. असे असूनही गेली अनेक वर्षे शहराच्या बहुतांश भागांत तीन, चार, कधी पाच दिवसांआड नळाला पाणी आले आहे. कोरड्या नदीपात्रातून टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडायचे, तर वाटेत त्याचा मोठा हिस्सा जिरतो, उडतो आणि उपसला जातो. म्हणूनच सुमारे ११० किलोमीटरच्या समांतर जलवाहिनीची योजना आखण्यात आली. निविदा, दरवाढ आणि भूसंपादन यांच्या फेऱ्यात ती वर्षानुवर्षे रेंगाळली.

जलवाहिनीने पाणी शहराच्या वेशीपर्यंत येते, घरापर्यंत येत नाही. त्यासाठी टाक्या आणि अंतर्गत वितरणाचे जाळे हवे. १९९२ च्या हद्दवाढीनंतर महापालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर, म्हणजे पूर्वीच्या पाचपटीहून अधिक झाले. कागदावर शहर वाढले, मात्र जलवाहिन्या, गटारी आणि रस्ते त्या वेगाने वाढले नाहीत. उद्योजक कारखान्याची जागा पाहायला येतो तेव्हा तो जमिनीचा भाव विचारतो, हे खरे. पण त्याच्या व्यवस्थापकाचे कुटुंब त्याच वेळी घरी पाणी कधी येते, हे विचारत असते. पुष्कळदा निर्णय दुसऱ्या प्रश्नावर होतो.

दळणवळणाची शोकांतिका आणि नवी आशा

रस्ते आणि रेल्वे यांबाबत सोलापूर भाग्यवान आहे. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग शहरातून जातो, तर विजयपूर आणि तुळजापूर या दिशांनाही राष्ट्रीय महामार्ग आहेत. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेस धावते आहे. विमानसेवेची कहाणी मात्र दीर्घ आणि कटू. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २००९ च्या सुमारास सुरू झालेली सेवा अल्पावधीतच थांबली. पुढे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी धावपट्टीच्या मार्गात येते, यावरून शहर दुभंगले. एका बाजूला ऊसउत्पादक सभासद, दुसऱ्या बाजूला विमानसेवेची मागणी करणारे नागरिक व व्यापारी. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली.

या वादातून घेण्यासारखा बोध असा की, शहराचा विकास आराखडा वेळीच काटेकोरपणे पाळला असता, तर शेतकरी आणि शहर यांना समोरासमोर उभे राहावे लागले नसते. नियोजनातील ढिलाईची किंमत अखेर सर्वांनाच मोजावी लागते.

कामगार राहतो कोठे?

उद्योगांना केवळ अभियंते लागतात असे नाही. विडी वळणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या हजारो स्त्रिया हा सोलापूरच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. त्यांच्यासाठी कुंभारी येथे कामगारनेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने झालेली वसाहत देशभर चर्चिली गेली. गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरे झाली. त्यानंतरच्या रे नगर प्रकल्पात ३० हजार घरांचा संकल्प असून १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांपैकी १५ हजार घरांचे हस्तांतर झाले. स्वतःचे घर मिळालेले कुटुंब सहसा गाव सोडत नाही. मात्र ही घरे शहरापासून दूर आहेत. तेथून कामावर येण्यासाठी वेळेवर बस नसेल, तर घराचा निम्मा लाभ रिक्षाभाड्यात जातो. शहर बससेवेची झालेली दुरवस्था त्यामुळे थेट रोजगाराशी निगडित आहे.

सुरक्षिततेचाही विचार व्हायला हवा. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत मालकाच्या कुटुंबासह आठ जणांचा मृत्यू झाला. कारखाना आणि निवास एकाच इमारतीत असणे ही येथील जुनी रीत. ती खर्च वाचविते, पण जीवही घेऊ शकते, हे त्या दिवशी शहराने पाहिले.

कोइमतूरने काय केले?

कोइमतूरही सोलापूरप्रमाणेच कापडगिरण्यांचे शहर. तेथे १९२६ मध्ये पीएसजी धर्मादाय संस्थेची स्थापना झाली आणि गिरणीमालकांच्या पैशातून तंत्रशिक्षण उभे राहिले. गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करता-करता तेथील कारागीर यंत्रे बनवू लागले, शेतीसाठी पंप बनवू लागले. कापड मागे पडले तेव्हा पंप, यंत्रे आणि पुढे संगणक व्यवसाय पुढे आले. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार उद्योगांचा पाया घातला, पण तो मुंबई, विशाखापट्टणम आणि बंगळूर येथे. कर्तृत्व सोलापूरचे, कारखाने परमुलखात, ही परंपरा तेव्हापासूनची.

याला अपवाद नाहीत असे नाही. मोटारींचे कॅमशाफ्ट बनविणारी प्रिसिजन आणि रसायननिर्मितीतील बालाजी अमाईन्स या कंपन्या सोलापूरच्या भूमीत वाढल्या आणि देशाबाहेर पोहोचल्या. सोलापुरात राहून जागतिक दर्जाचे उत्पादन करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. २००४ मध्ये स्थापन झालेले, आताचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये यांच्यामुळे शिक्षित तरुणांची वानवा नाही. वानवा आहे ती त्यांना येथेच रोखून धरणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीच्या संधीची. पहिली नोकरी सुटली तर त्याच शहरात दुसरी मिळेल, हा भरवसा पुण्यात आहे. सोलापुरात तो अद्याप निर्माण व्हायचा आहे.

पुढची वाट

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचा नववा क्रमांक लागला होता. त्यातून काही रस्ते, मैदाने आणि चौक देखणे झाले. पण चौकाच्या सुशोभीकरणाने कोणी शहरात राहायला येत नाही. रोज पाणी, वेळेवर बस, पाळला जाणारा आराखडा, सुरक्षित कारखाने आणि एकापेक्षा अधिक उद्योगांचा आधार या पाच गोष्टी साधल्या, तर आयटी पार्कसारख्या मागण्यांना अर्थ येईल. त्या साधल्या नाहीत, तर पार्कची इमारत उभी राहील आणि त्यात बसणारे तरुण मात्र हिंजवडीत असतील.

सोलापूरपाशी स्वस्त जमीन, मोक्याचे स्थान, कष्टाळू हात आणि चार भाषांचा सलोखा हे जन्मजात भांडवल आहे. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे आणि पाणी यांची जोड मिळताच त्या भांडवलाचे सोने झाले. आज विमान उडाले आहे, रेल्वे वेगवान झाली आहे. प्रतीक्षा आहे ती नळाला रोज येणाऱ्या पाण्याची.