बिऱ्हाड गाडीवर, मग पत्ता कोणता?

दसरा झाला की आपल्या भागातून ट्रॅक्टर निघायला लागतात. ट्रॉलीत आधी बांबू आणि ताडपत्री, मग पेटी, पाण्याचे ड्रम, तवा-परात, कोंबड्यांचं डालगं, आणि सगळ्याच्या वर माणसं. ज्यांची टायर बैलगाडी आहे त्यांचे बैलही गाडीतूनच जातात. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे कारखान्याच्या तळावरची कोपी. ऊस संपला की ती मोडायची आणि दुसऱ्या फडाजवळ उभी करायची. मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे धनगर, भट्टी-ऐरण गाडीत टाकून गावोगाव फिरणारे घिसाडी यांचंही असंच चाकावरचं जगणं.

गेल्या महिन्यात बचत गटांकडून आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा आला. एकीनं विचारलं, रेशन गावाकडंच राहिलं, तिकडं मिळेल का? दुसरीनं विचारलं, बाळ तळावर झालं तर दाखला कुठला? तिसरी म्हणाली, मतदानाच्या यादीतून नाव कापलं तर? तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सरकारचा प्रत्येक कागद पत्ता मागतो, आणि आपला पत्ता हलता आहे.

हा घोळ आपल्याच वाट्याला आलाय असं नाही. अमेरिकेत मोठ्या मोटारीत स्वयंपाकघर, पलंग, संडास बसवून वर्षभर रस्त्यावरच राहणारी माणसं आहेत. बहुतेक जण हौसेनं राहतात, काही जण भाडं परवडत नाही म्हणून. त्यांनाही वाहन परवाना, मतदान, दवाखान्याचा विमा या सगळ्याला पत्ता लागतो. तिथल्या दक्षिण डाकोटा नावाच्या राज्यानं वाट काढून दिली आहे. तिथं एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल सांभाळणाऱ्या कंपनीकडचा पत्ता दाखवला की तिथले रहिवासी म्हणून परवाना मिळतो. एका रात्रीत पत्ता! आपल्याकडे तसं नाही. पण आपल्या कायद्यातही फिरत्या माणसासाठी बऱ्याच सोयी आहेत. त्या माहीत नसल्यामुळे दुकानदार, शिपाई, मुकादम जे सांगेल ते आपण खरं धरतो.

आमचं पहिलं सांगणं असं, की हंगामापुरतं जाणाऱ्यांनी आधार, रेशनकार्ड, मतदार यादी यांतला गावचा पत्ता बदलू नये. कारखान्याजवळचा कुणी एजंट म्हणेल, इकडचा पत्ता करून देतो, इतके पैसे द्या. गरज नाही. पत्ता गावचाच राहू द्या, हक्क मात्र जिथं मुक्काम असेल तिथं मागा.

आता रेशन. यावर जरा सविस्तर बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो. हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. याच कायद्यात लिहिलंय की घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही रेशनकार्डाची कुटुंबप्रमुख. म्हणजे कार्ड तुमच्या नावाचं आहे बायांनो, मुकादमाकडे तारण ठेवायची ती वस्तू नाही.

'एक देश एक रेशनकार्ड' ही योजना २०१९ साली सुरू झाली, आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. आज देशातल्या कुठल्याही राज्यात, अंगठा लावायचं यंत्र असलेल्या कुठल्याही रेशन दुकानात तुमच्या कार्डावरचं धान्य मिळतं. सांगली-कोल्हापुरात गेलात तरी मिळतं, कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे गेलात तरी मिळतं. कार्डाचा नंबर किंवा आधार नंबर सांगायचा आणि अंगठा लावायचा. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, फी नाही. तिकडच्या राज्यानं आपल्या लोकांना जादा काही दिलं असेल तर ते मात्र आपल्याला मिळत नाही, केंद्राचं धान्य तेवढं मिळतं.

या योजनेतली खरी मेख पुष्कळ जणींना माहीत नाही. धान्य तुकड्यांत उचलता येतं. समजा कार्डावर पाच नावं आहेत. नवरा-बायको तोडीला गेले, सासू-सासरे आणि एक पोरगं गावी राहिलं. महिन्याचे २५ किलो आहेत. जोडीनं तळाजवळच्या दुकानातून १० किलो घ्यायचे, उरलेले १५ किलो सासूबाई गावात उचलतील. पण तिकडं तुम्ही सगळे २५ किलो उचलले, तर गावाकडं म्हातारीनं अंगठा लावल्यावर यंत्र सांगणार, या महिन्याचं धान्य गेलं. ती बिचारी दुकानदाराला चोर समजते आणि तुम्हाला फोन लागत नाही. म्हणून निघण्याआधी घरात बसून ठरवा, कोण किती उचलणार. आणि त्या महिन्याचं त्याच महिन्यात उचला.

ऊस तोडून, मोळ्या बांधून हाताची कातडी सोलते आणि अंगठा यंत्राला उमटत नाही, ही तक्रार सगळीकडं आहे. तेव्हा लक्षात ठेवा, कार्डावर नाव असलेल्या कुठल्याही माणसाचा अंगठा चालतो. एकाच बोटावर अडू नका, दुसरं बोट लावून बघा, नवऱ्याला पुढं करा. पण त्या माणसाचा आधार कार्डाला जोडलेला हवा. म्हणून घरातल्या प्रत्येकाचा आधार जोडलाय का, ई-केवायसी झाली का, हे गावच्या दुकानात निघण्याआधीच बघून घ्या. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होऊन सासरच्या कार्डावर चढलंय का, तेही बघा. कित्येक पोरी दोन-दोन वर्षं कुठल्याच कार्डावर नसतात, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

"तुमचं कार्ड माझ्या दुकानाचं नाही, मी देणार नाही" असं दुकानदार म्हणाला तर भांडत बसू नका. १४४४५ हा रेशनच्या या योजनेचा फोन नंबर आहे, तो त्याच्यासमोरच लावा. एवढ्यानंही पुष्कळदा काम होतं.

चुलीचंही सांगतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. आणि ज्यांना उज्ज्वलाचं नवीन कनेक्शन घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी २०२१ पासून स्थलांतरित कुटुंबानं पत्त्याबद्दल स्वतः लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं. ताडपत्रीच्या कोपीत सिलिंडर वापरताना तो वाऱ्याच्या बाजूला ठेवावा, आणि पाचटाच्या ढिगाजवळ तर अजिबात नको.

मतदानाचा कायदा आहे १९५० चा. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की नेहमीच्या राहत्या ठिकाणाहून तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणूस तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. म्हणजे सहा महिने तोडीला गेलात म्हणून गावच्या यादीतून नाव कापता येत नाही. मात्र दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे. कुणी तळावर येऊन दुसरा अर्ज भरून घेत असेल तर सही-अंगठा देऊ नका. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं ते ऐन तोडीच्या दिवसांत. टपालानं मत द्यायची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्यांना आहे, आपल्याला नाही. मत द्यायचं तर गावी यावं लागतं, आणि येण्या-जाण्याचा खर्च, बुडालेली खेप कोण भरून देणार? मतदानाच्या दिवशी कामगाराला मजुरीसह सुटी द्यावी असा कायदा आहे, पण तोडीच्या टनावर मिळणाऱ्या पैशात ती सुटी कुठं बसवायची हे कुणी सांगत नाही. ही अडचण कागदानं सुटणारी नाही. ग्रामसभेत ठराव करून, मतदानासाठी गाड्यांची सोय करा अशी मागणी लावून धरावी लागेल.

ज्यांना गावात घरच नाही, वर्षभर पालातच राहतात, त्यांनाही मतदार होता येतं. सहा नंबरचा अर्ज भरायचा आणि जिथं झोपता ती जागा त्यात लिहायची. निवडणूक अधिकाऱ्यानं रात्री येऊन बघायचं, हा माणूस खरंच इथं झोपतो का. त्यासाठी पत्त्याचा दुसरा कागद लागत नाही. मतदार यादीसाठी फोन नंबर १९५०, कायद्याचं साल तेच.

आता बाळंतपण. जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं होते, आईबापाच्या गावी नाही. हे घट्ट लक्षात ठेवा, कारण गावी परतल्यावर ग्रामसेवकाकडे गेलात तर तो नोंद करूच शकत नाही. सरकारी दवाखान्यात झालं तर नोंदीचं काम दवाखान्याकडून होतं. तळावर झालं तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत कळवायचं, फुकट नोंद होते. आणि चालत्या गाडीतच झालं तर? त्याचाही नियम आहे. गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, पहिल्यांदा गाडी जिथं थांबेल तिथं कळवायचं. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याची ती जबाबदारी आहे. ३० दिवसांपर्यंत थोडा दंड भरून होतं, वर्षभरापर्यंत परवानगी आणि स्वतः साक्षांकित केलेला कागद लागतो, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. एकवीस दिवसांत पंचायतीत एक चक्कर मारली नाही, तर त्या लेकराला पुढं परवान्यापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडं अडायला होईल.

पोटुशी असाल तर माता बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. अंगणवाडी ताईला सांगून निघा. तिच्या मोबाइलवर स्थलांतराची नोंद होते, आणि तळाजवळच्या अंगणवाडीतून तुमचा आणि लेकराचा आहार मिळू शकतो. लसीचा डोसही तिथंच घ्यायचा.

शाळेबद्दल २००९ चा कायदा सरळ आहे. वर्षाच्या मध्यात आलं म्हणून, दाखला आणला नाही म्हणून, जन्मदाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी शाळा परत पाठवू शकत नाही. निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. त्यावर मूल कुठल्या वर्गात आहे, किती शिकलंय ते असतं, तिकडच्या गुरुजींना सोपं जातं. त्यापेक्षा चांगलं म्हणजे मूल गावीच ठेवणं. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं सरकारी वसतिगृहंही निघाली आहेत. आम्हाला खरी काळजी वाटते ती नऊ-दहा वर्षांच्या मुलीची. तिला शाळा नको असते म्हणून ती आईबरोबर जात नाही. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून तिला नेतात. तळावर पाळणाघर सुरू करा, ही मागणी म्हणूनच शाळेच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे.

ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्या. हे नवऱ्याचं वेगळं आणि तुमचं वेगळं हवं. कोयता म्हणजे जोडी असली, तरी उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि हिशेबाच्या वहीतही त्याचंच नाव असतं. ओळखपत्रावर तुमचं नाव असेल तर निदान एका कागदावर तुम्ही कामगार ठरता.

शेवटी गाडीचं. ट्रॅक्टरची ट्रॉली माल वाहायला असते, माणसं न्यायला नाही. अपघात झाला आणि ट्रॉलीत माणसं बसलेली होती असं निघालं, तर विमा कंपनी भरपाई नाकारते, आणि न्यायालयातही पुष्कळदा तिचं म्हणणं टिकतं. मग भरपाई मालकाकडून मागायची, आणि तो म्हणतो माझ्याकडं काही नाही. तेव्हा उचल ठरवतानाच मुकादमाला सांगा, सामान ट्रॉलीत, माणसं एसटीनं किंवा जीपनं. चार-पाच गट एकत्र बोलले तर तो ऐकतो, एकटीचं ऐकत नाही. ट्रॉलीला मागं लाल चमकती पट्टी आहे का, दिवा लागतो का, हे बघितल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. बैलगाडी रात्री रस्त्यावर असेल तर तिलाही पट्टी हवी.

तरी अपघात झालाच तर आधी १०८ ला फोन आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून. गाडी माहीत असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, तोही सहा महिन्यांच्या आत. आणि इथं गावचा पत्ता फार उपयोगी पडतो. अपघात कोल्हापूर जिल्ह्यात झाला असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडला किंवा जालन्याला, हा अर्ज करता येतो. तारखेला तिकडं खेटे घालायला नकोत. वकिलाच्या पैशाची चिंता करू नका. बाई कमावती असो की नसो, तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन नंबर १५१००. जाताना पोलिसांच्या नोंदीची प्रत, दवाखान्याचे कागद आणि गाडीचा नंबर एवढं घेऊन जा.