पाखरांचे बलुते

मार्गशीर्ष लागला, म्हणजे मळवली स्थानकापासून भाज्याच्या पायथ्यापर्यंतची भातखाचरे मोकळी होतात, खळ्यांवर झोडणीचा आवाज उठतो आणि विसापूरच्या कड्याखाली साचलेले धुके सकाळची लोकल निघून गेल्यावरही रेंगाळत राहते. अशा वेळी परसात येणाऱ्या पाखरांना काही खाऊ करून घालावा, असे येथे नव्याने बंगला बांधून राहिलेल्या गृहस्थास वाटले, तर ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. मात्र विलायती पुस्तके उघडून तो चरबीचे गोळे थापू लागतो, तेव्हा मामला बिघडतो. हिमाने जिथे जमीन गोठते, तिथे ती चरबी म्हणजे इवल्या जिवाची रात्रभरची शेगडी; आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात ती पाघळते, खवट होते आणि पिसांना चिकटते.

वास्तविक मावळात हिवाळा ही पाखरांची सुगीच असते. खळ्यावर जसा बलुतेदाराचा हक्क, तसा सांडलेल्या दाण्यावर चिमणीचा, होल्याचा आणि मुनियेचा. ही वहिवाट कोणत्याही दप्तरात नोंदलेली नसली, तरी जुनीच आहे. म्हणून आपण खाऊ करतो तो मुख्यत्वे आपल्याच कौतुकापोटी, हे प्रांजळपणे कबूल करून तो बेतानेच करावा.

सर्वोत्तम खाऊ शिजवावाच लागत नाही. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून प्रसृत झालेल्या आणि आंबेमोहोराचा वारसा सांगणाऱ्या इंद्रायणीच्या लोंब्यांची एक पेंढी सुतळीने बांधून मांजराची झेप पोहोचणार नाही अशा फांदीस टांगावी. दूर नॉर्वेतील शेतकरीही नाताळात ओटची पेंढी पाखरांसाठी दारी उभारतात, हे वाचले तेव्हा मला त्या अनोळखी देशाविषयी उगाच आपलेपणा वाटला. हौसच असेल, तर बाजरीच्या पिठाची बिनमिठाची घट्ट उकड काढून, तीत तांदळाची कणी आणि शेंगदाण्याचा कूट मिसळून ती करवंटीत दाबून भरावी. दाणे मात्र खारे किंवा बुरसलेले नसावेत, आणि उरलेले सायंकाळी काढून घ्यावे, नाहीतर रात्री उंदरांची पंगत बसते. बुलबुलांना पपईची फोड पुरते. जवळच पाण्याचा परळ ठेवावा व तो रोज घासावा, कारण घाणेरड्या भांड्यातून रोग पसरतो.

दयाळ आणि सातभाई यांचे मन मात्र असल्या शिध्यावर रमत नाही. त्यांना किडे हवेत, आणि किडे पाचोळ्यात असतात. तो जाळण्याची आपली स्वच्छतेची घाई आवरणे, एवढीच तजवीज त्यांच्यासाठी पुरेशी आहे.

माझ्या आंब्यावरच्या पेंढीत तिसऱ्या दिवशी दाणा उरत नाही. तरीही एखादी चिमणी येते, पेंढ्याची काडी ओढत बसते. आणि खाली सातभाई, जे मोजून पाहता क्वचितच सात भरतात, कलकलाट करीत पाचोळा उपसत असतात.