गायरान किती गुरें पोसील ?

गांवचें गायरान किती गुरें पोसील, हा प्रश्न जुना असला तरी निकडीचा आहे. महसुली दफ्तरांत उभा जन्म गेल्यामुळें आम्हांस इतकें ठाऊक आहे कीं, गायरानाचें क्षेत्र सातबाऱ्यांत नोंदलेलें असतें, गुरांची मोजदाद पशुगणनेंत होते. परंतु गवत किती वाढलें, याची नोंद कोठेंच नसते. मग एकरांस गुरांनीं भागून निघालेल्या आंकड्यावर गांवकरी विसंबून राहतात.

हा भागाकार कां फसतो, हें इस्रायलमधील शास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मेयर यांनीं १९७५ सालीं दोन वक्ररेषांनीं दाखविलें. पहिली रेषा गवताच्या वाढीची. पाला थोडा उरला असतां वाढ मंद, मध्यम असतां जोमाची, कुरण भरगच्च झालें कीं पुन्हां मंद. दुसरी गुरांच्या आहाराची. ती गवताबरोबर चढते व पोट भरलें कीं थांबते. वाढीची रेषा वर असेल तोंवर गवत वाढतें. आहाराची वर गेली कीं घटतें. गुरें बरींच असलीं म्हणजे या रेषा मध्येंच एके ठिकाणीं छेदतात. तोच कुरणाचा उंबरठा. गुरें तींच, जमीन तीच. तथापि गवत उंबरठ्याच्या वर असेल तर कुरण सांवरतें, खालीं असेल तर खुरटत जातें. एकदां खालीं गेल्यावर पांचदहा गुरें कमी करून भागत नाहीं.

याचें विदारक उदाहरण बेरिंग समुद्रांतील सेंट मॅथ्यू बेटाचें होय. तेथें १९४४ सालीं २९ रेनडिअर सोडले. शिकारी श्वापद नव्हतें. दगडफुलाच्या जातीचा चारा विपुल होता. १९५७ सालीं ते १,३५० झाले, १९६३ सालीं ६,०००. नुसतीं डोकीं मोजणारास ही भरभराटच वाटली असती. परंतु चारा खुरटला होता व जनावरांचें वजन घटलें होतें. पुढील कडक हिवाळ्यांत कळप कोसळला. १९६६ सालीं ४२ उरले.

यावरून गुरें कुरणाचीं वैरी आहेत, असें कोणीं समजूं नये. भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत १९८२ सालीं चराई बंद केली, तेव्हां म्हशींच्या अभावीं पाणगवत माजून पाणथळ कोंदूं लागलें, असें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहणींत आढळलें.

म्हणून आमची सूचना अशी : पहिला पाऊस पडतांच गुरें आंत सोडूं नयेत, गवतास अंग धरूं द्यावें. दर पंधरवड्यास पांचसहा ठिकाणीं एक मीटर लांबरुंद चौकट टाकून आंतील गवत कापावें, वाळवावें, तोलावें व वजन तारखेसह वहींत लिहावें. ऐन पावसाळ्यांत वजन घटूं लागलें, तर आहार वाढीहून अधिक झाला असें समजून गुरें तत्काळ कमी करावीं. कोणाचीं आधीं काढावीं, हा तंटा होणारच. तेथें आमचें मत स्पष्ट आहे : ज्याच्या घरीं कडबा आहे, त्यानें आधीं आपलीं गुरें दावणीस बांधावीं. भूमिहीनाची शेळी गायरानावरच जगते. गायरान उजाड झालें कीं प्रथम त्याचेंच दावें रिकामें होतें.