दाढ काढली, पण पुढं काय?

“काढली एकदाची दाढ, सुटले बाई!” असं तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. ठणका थांबला, मागची जागा हसताना दिसत नाही, मग नवा दात बसवायची घाई कशाला? आधी मुलांची फी, घराचा हप्ता. आपलं काय, चाललंय तसं चालू द्या!

आमच्या ओळखीच्या सिडकोतल्या एका वहिनींनी असंच केलं. वरच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा काढून आठ वर्षं झाली. तेव्हापासून भाकरी दुधात कुस्करायची अन् सगळं उजव्याच बाजूनं चावायचं. परवा लेकीनं हट्टानं दंतवैद्याकडं नेलं, तर ते म्हणाले, “इम्प्लांट बसेल, पण आधी सायनस लिफ्ट करावं लागेल.” वहिनी घाबरल्याच. दात बसवायचा तर नाकापर्यंत कशाला जायचं?

प्रश्न रास्त आहे. आपल्या वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या आत, हवेची एक पोकळी असते. तिलाच सायनस म्हणतात. दाढ गेली की तिथल्या हाडाला काम उरत नाही, ते झिजतं. वरून पोकळीही खाली पसरते. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. त्याला रुतायला साधारण ८ ते १० मिलिमीटर हाड लागतं. तेवढं नसेल तर पोकळीचा तळ उचलून खाली हाड तयार करावं लागतं. अमेरिकेतले डॉ. हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत पुढं आणली.

जागा बधिर करून हिरडी उघडतात आणि हाडाला बाजूनं छोटी खिडकी पाडतात. आतलं अस्तर अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्याइतकं नाजूक असतं. ते हलकेच वर सारून खाली हाडाची भुकटी भरतात. कधी अस्तर फाटतं; बहुतेक वेळा ते तिथंच सांधता येतं. हाड थोडंच कमी असेल तर दाताच्या जागेतूनच तळ उचलतात आणि इम्प्लांटही त्याच वेळी बसवतात. फारच कमी असेल तर सहा-नऊ महिने थांबावं लागतं.

ही भुकटी आपल्याच हाडाची, कृत्रिम किंवा जनावराच्या हाडावर प्रक्रिया केलेली असू शकते. आपल्या घरात काही पथ्य असेल तर संकोच न करता आधीच विचारा.

नंतरची काळजी आपल्याच हातात आहे. दोन-तीन आठवडे नाक जोरात शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. स्ट्रॉनं पिणं नको, आरतीला शंख फुंकणं नको आणि कपालभातीही नको. विमानप्रवास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि मिश्री? ती लावत असाल तर आधी तीच सोडा. तंबाखूनं जखम भरत नाही. साखर वाढलेली असेल किंवा हाडं ठिसूळ होतात म्हणून गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील, तर तेही लपवू नका.

सगळ्यांना हे ऑपरेशन लागतंच असं नाही. आखूड इम्प्लांट, शेजारच्या दातांच्या आधारानं ब्रिज, काढता-घालता येणारी कवळी, हेही मार्ग आहेत. म्हणून स्कॅन पाहून विचारा: माझं हाड किती मिलिमीटर आहे? दुसरा मार्ग कोणता? एकूण खर्च किती, त्यात भुकटी आणि वरचा दात धरला आहे का? दुसरं मत हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरात घाटीच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, पैठण रस्त्याला कांचनवाडीतही दंत महाविद्यालय आहे. तिथं जाऊन चौकशी केली म्हणून आपल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

वहिनींची साखर वाढलेली निघाली. आता आधी साखर, मग स्कॅन, मग निर्णय, असं त्यांनी ठरवलंय. त्या मला म्हणाल्या, “दाढ काढली त्याच दिवशी पुढचं विचारलं असतं तर!”

तुमची दाढ काढायची वेळ आली, तर एवढा एक प्रश्न त्याच खुर्चीत बसून विचारा. स्वतःसाठी विचारलेला प्रश्न हा काही घरखर्चावरचा बोजा नव्हे.